एका नंबरला एकच नाव

माझ्या कामाचं कुणी तोंडावर कौतुक केलं की आता मला भीती वाटते. आधी तसं नव्हतं. मी शाळामास्तरची मुलगी. आमच्या घरात वह्या तपासायला लाल शाई भरपूर होती, शाबासकीचा मात्र कायम तुटवडा. त्यामुळं बाहेर कुणी नुसतं "छान" म्हटलं तरी मी दिवसभर फुलून असायचे.

शुक्रवार पेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस आहे. दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, आणि आलेल्या माणसाला बसायला चार खुर्च्या. तिथं मी आधी लग्नपत्रिका जुळवून द्यायचे, नंतर दुकानांच्या वेबसाइट करायला लागले. पगारी माणूस कुणी नाही. चित्र मीच काढणार, अक्षरं मीच जुळवणार, आतलं यंत्रही मीच चालवणार. त्यामुळं चूक झाली तर ढकलायला दुसरं कुणी नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

गावातल्या एका ट्रस्टचं डायलिसिस केंद्र आहे. यंत्रं कमी, पेशंट जास्त, आणि उपचार फुकट. ज्याची किडनी गेली त्याला आठवड्यातून दोनदा त्या खुर्चीवर चार तास बसावंच लागतं, नाहीतर अंगात पाणी साठतं. प्रत्येकाचे वार ठरलेले. पण कुणी न सांगता आलं नाही तर खुर्ची रिकामी जायची, आणि बाहेर थांबलेल्याला कळेपर्यंत दुपार व्हायची. म्हणून नियम केला होता, की आदल्या दिवशी चार वाजेपर्यंत 'येणार' असं कळवायचं. हे कळवणं फोनवर चालायचं. तिथल्या सिस्टरांचा फोन सकाळपासून गुंतलेला असायचा आणि त्या स्वतः त्याहून जास्त. मग ट्रस्टनं मला वेबसाइट करायला सांगितलं.

पहिली साइट मी केली ती वाईट होती. आज मी ते सरळ म्हणू शकते. लॉगिन करायला केसपेपरवरचा अकरा आकडी नंबर घालावा लागायचा. एक आकडा चुकला की लाल पट्टी यायची. 'येणार'चं बटण दोनदा दाबलं गेलं की त्याहून मोठी लाल पट्टी यायची, 'त्रुटी' म्हणून. एका बाईंना वाटलं, आपल्या हातून मशीन बिघडलं. त्या दोन आठवडे मोबाइलला हात लावायला तयार नव्हत्या. लोक पुन्हा सिस्टरांनाच फोन करू लागले. शेवटी सिस्टरांनी मला बोलावून तक्रारींची वही पुढं टाकली. म्हणाल्या, "ताई, तुमच्या साइटपेक्षा माझा घसा बरा होता."

मला राग आला. रागाच्या भरात मी ती वही घरी आणली आणि ओळ न् ओळ वाचली. तोवर मी कुठंतरी वाचलं होतं, की साइट सुधारायची तर ज्यांना ती वापरायची आहे अशी पाच-सहा माणसं बोलवावीत, त्यांना एक काम सांगावं, आणि आपण मागं गप्प बसून बघावं. मदत करायची नाही, बोलायचं नाही. वाचताना मला ते फार सोपं वाटलं.

मी सहाजणांना बोलावलं. केंद्रावर येणारेच पेशंट आणि त्यांच्याबरोबरची माणसं. आपल्या घरी माणूस येणार म्हणजे चहा आलाच. मी चहा ठेवला, शेंगाचटणी लावलेला चिवडा ठेवला, आणि सगळ्यांचं खाणं झाल्यावर एकेकाला मोबाइल हातात दिला. नवी साइट मी अर्धी करून ठेवली होती.

आता आपल्याकडची रीत अशी, की ज्याच्या घरचा चहा घेतला त्याच्या कामाला त्याच बैठकीत नावं ठेवायची नाहीत. बाहेर पडून कोपऱ्यावर गेल्यावर खुशाल ठेवावीत. माझ्या डोळ्यांदेखत एका गृहस्थांचं बोट पडद्यावर तीन वेळा चुकीच्या जागी गेलं, आणि ते म्हणाले, "सोपं आहे की." एका बाईंना पुढं काय करायचं ते कळेना, तर त्या माझ्याकडं बघून हसल्या आणि म्हणाल्या, "हां हां, कळलं." आणि मी तरी गप्प कुठं बसले? मागून वाकून, "हे इथं दाबा, हे हिरवं," असं बोटानं दाखवत होते. मास्तरच्याच घरची, उत्तर सांगितल्याशिवाय राहवतंय कुठं.

सहाजणांत मंद्रूप या जवळच्या खेड्यातलं एक जोडपं होतं. मामांची तिथं पिठाची गिरणी. भुवयांवर कायम पिठाचा एक पातळ थर, धुऊनही न जाणारा. मावशी पेशंट. हात काठीसारखे, पाय सुजलेले, पण बोलणं खणखणीत. चहाचा कप पुढं केला तर कानडी वळणानं म्हणाल्या, "ब्याड, मला नगं. माझं पानी मोजून असतंय." डायलिसिसच्या माणसाला दिवसाला किती घोट पाणी घ्यायचं तेही ठरलेलं असतं. चिवड्यात मीठ, म्हणून तोही त्यांनी घेतला नाही. सहाजणांत माझ्या घरचं काहीही न खाल्लेलं तेवढं एकच माणूस.

त्यांनी मोबाइल हातात घेतला, नीट बघितला आणि म्हणाल्या, "ह्यात आमी दोघी कुटं हाय?"

मला कळलं नाही. मग मामांनी सांगितलं. त्यांच्या गल्लीत एक म्हातारी होती. मूलबाळ नाही, फोन नाही. तिलाही डायलिसिस, आणि तिचे वारही मावशींचेच, मंगळवार-शुक्रवार. मामा दोघींना एकाच गाडीतून आणायचे आणि दोघींच्या केसपेपरवर मामांचाच मोबाइल नंबर होता.

"हितं वर एकच नाव बसंल की," मावशी म्हणाल्या. "दुसरीचं कुटं?"

मी म्हणाले, "मावशी, असं फार कमी जणांचं असेल. आज्जींसाठी दुसरा एखादा नंबर द्या ना, शेजारच्यांचा."

"शेजारी कोन दाबनार तिचं रोज?" त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीत फोन लई हायती, पन कामाचा एकच हाय."

बाकीचे हसले. मीही हसले. माझ्या वहीत मी लिहिलं: 'एक फोन, दोन पेशंट. नंतर बघू.' ती वही अजून आहे. त्या ओळीखाली मी रेघही मारली होती, म्हणजे पुढचा मुद्दा सुरू.

नवी साइट झाली. अकरा आकडी नंबर काढून टाकला. फक्त मोबाइल नंबर घालायचा, मेसेजमध्ये आलेले चार आकडे भरायचे, की लगेच वर पेशंटचं नाव आणि खाली तळहाताएवढं हिरवं बटण, 'येणार'. लाल पट्ट्या सगळ्या काढल्या. बटण चुकून दोनदा दाबलं तरी घाबरवायचं नाही, दरवेळी 'धन्यवाद, तुमची नोंद झाली' एवढंच दाखवायचं. चारच्या ठोक्याला ज्याचं 'येणार' आलेलं नाही त्याची खुर्ची आपोआप थांबलेल्या यादीतल्या पहिल्या माणसाला, आणि त्याला तसा मेसेज. ही शेवटची युक्ती माझी. तिचा मला फार अभिमान होता.

नंबर हीच ओळख, म्हणून एका नंबरला एकच पेशंट. जुनी यादी नव्या साइटवर चढवताना मामांच्या नंबरपुढं आधी मावशींचं नाव बसलं, मग म्हातारीचं आलं आणि ते पहिलं पुसून त्याच्या जागी बसलं. मावशी केंद्राच्या रोजच्या यादीत होत्या, पण त्यांच्यासाठी 'येणार' म्हणायला आता जगात एकही फोन उरला नव्हता. मी यादी तपासली होती. एकूण आकडा आठ-दहानं कमी भरत होता. मला वाटलं, कुणाची तरी नावं दुबार असतील.

ट्रस्टच्या बैठकीत मला शाल आणि नारळ दिला. सिस्टरांचा फोन शांत झाला होता. त्यांनी पहिले आठ दिवस सवयीनं ठरलेल्या वारांची जुनी वही बघूनच खुर्च्या दिल्या, त्यामुळं कुणालाच काही कळलं नाही. मग त्यांनी वही कपाटात टाकली.

त्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी मामा दोघींना घेऊन केंद्रावर आले. म्हातारीचं नाव पडद्यावर हिरवं होतं, मावशींचं लाल. त्यांची खुर्ची आदल्या दिवशी चार वाजता गावातल्या एका रिक्षावाल्याला गेली होती आणि तो हाताला नळ्या लावून तिथं बसलाही होता. त्याचाही जीवच होता, त्याला कोण उठवणार?

हे सगळं मला नंतर सिस्टरांनी सांगितलं. मामा म्हणाले होते, "दाबलंय की मी." सिस्टरांनी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. "हे बघा. शेजारणीचं दाबलं, बायकोचं विसरला." थांबलेल्या लोकांत हशा झाला. सिस्टर सकाळपासून उभ्या होत्या, त्या आणखी एक वाक्य बोलल्या, "एवढं एक बटण दाबायला होत नाही का हो मामा?" मामा पडद्याकडं बघत राहिले.

दुपारी तीनपर्यंत ते थांबले. एकही खुर्ची सुटली नाही. म्हातारी म्हणाली, "माझ्या जागी तू बस." मावशींनी तिच्या सुजलेल्या पायांकडं बघितलं आणि नको म्हणाल्या. सिस्टरांनी सोमवारी पहाटेची पहिली खुर्ची लिहून दिली. म्हणजे मागच्या मंगळवारपासून सोमवारपर्यंत डायलिसिसशिवाय सहा दिवस. शनिवारी बरं होतं. रविवारी संध्याकाळी धाप लागली. सोमवारी दिवस उगवायच्या आत मामांनी गाडी काढली, आणि गाव ओलांडून थोडं पुढं आल्यावर मावशींचा श्वास थांबला.

सिस्टरांचा फोन मंगळवारी आला. त्या रडत नव्हत्या, पण आवाज बसला होता. "लोक विसरतात हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज जाईल असं काहीतरी करा."

फोन ठेवून मी आतली नोंद उघडली. कुणी कधी काय दाबलं ते सगळं तिथं साठलेलं असतं. गुरुवारी दुपारी मामांच्या नंबरवरून हिरवं बटण दाबलं गेलं होतं. आणि दोन मिनिटांनी पुन्हा एकदा दाबलं गेलं होतं. माणूस विसरला नव्हता. एकदा एकीसाठी आणि एकदा दुसरीसाठी, असं त्यानं दोनदा दाबलं होतं, आणि दोन्ही वेळा माझ्या साइटनं त्याला 'धन्यवाद, तुमची नोंद झाली' असं सांगितलं होतं. लोकांना घाबरवायचं नाही म्हणून मीच ठेवलेलं ते वाक्य. नावाकडं त्यांचं लक्ष गेलं नसणार. नाव मी बारीक ठेवलं होतं, कारण बटण मोठं करायचं होतं.

मी त्या खुर्चीतून उठले नाही. आतून सासूबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. खरं सांगायचं तर पहिला विचार मावशींचा आला नाही. पहिला विचार आला, की हे आणखी कुणाला दिसतं का? दिसत नव्हतं. आतली किल्ली माझ्या एकटीकडं होती.

त्या आठवड्यात मी साइट सुधारली. एका नंबरवर कितीही पेशंट. प्रत्येकाचं नाव मोठ्या अक्षरात, प्रत्येकापुढं वेगळं बटण, आणि खाली सरळ वाक्य, 'यांची नोंद झाली, यांची बाकी आहे.' सिस्टरांनी सांगितलेला आठवणीचा मेसेजही सुरू केला. शोधल्यावर कळलं, एकाच फोनवर दोन-दोन, तीन-तीन पेशंट असलेली आणखी घरं होती. एका विडी कामगारांच्या वस्तीत तर मोबाइल रिचार्ज करणाऱ्या दुकानदाराचाच नंबर चारजणांपुढं होता. त्यांच्या पाळीला काही झालं नाही, ते कुणाच्या पुण्याईनं ते मला माहीत नाही. माझ्या नक्कीच नाही. ट्रस्टला मी सांगितलं, की काही किरकोळ सुधारणा केल्यात. किरकोळ हा शब्द मी वापरला.

महिनाभरानं मामा माझ्या दारात आले. म्हातारीला केंद्रावर बसवून चार तास मोकळे होते, ते चालत आले होते. मी बसा म्हणाले, तर ते उंबऱ्याशीच उभे राहिले.

"एक इच्चारायचं हुतं मॅडम," ते म्हणाले. "त्या दिशी मी हिचं दाबलं हुतं का न्हाय, ते तुमच्या कॉम्प्युटरात दिसतंय का?"

मी त्यांच्याकडं न बघता माऊस हलवला. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर एका साडीच्या दुकानाचं काम उघडं होतं.

"मला वाटतंय, मी दाबलं हुतं," ते म्हणाले. "पन डोळ्यानं बघितलं की, लालच हुतं. आता माझं मलाच खरं वाटंना. रोज इचार करतोय, दोनदा दाबलं का एकदा."

"इतकं मागचं दिसत नाही मामा," मी म्हणाले. "महिनाभरानं पुसून जातं."

"व्हय?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "नव्या साइटीत दोन्ही नावं येत्यात. बरं केलं," म्हणाले आणि गेले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ते 'बरं केलं' मला टोमण्यासारखं वाटलं. पण तो टोमणा नव्हता. त्या माणसाला खरंच बरं वाटलं होतं.

मी का खोटं बोलले, याची कारणं मी पुढं तीन महिने स्वतःला सांगत होते. ट्रस्टचं नाव खराब होईल. साइट बंद पडेल, मग बाकीच्यांचे हाल. शिवाय म्हातारी खुर्ची देत होती, मावशींनीच घेतली नाही. हे शेवटचं कारण एकदा माझ्या मनात आलं आणि माझी मलाच किळस आली, तरी ते पुन्हा आलं. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं की नाही, ते मला सांगता येत नाही. त्यांनी लाल शाईनं गोल केला असता आणि वही परत दिली असती, तेवढंही मला हवं होतं.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा ट्रस्टच्या लोकांनी सांगितलं, की दुसऱ्या गावांतल्या दोन संस्थांना अशीच साइट हवी आहे. लोकांच्या सूचना ऐकून आपण साइट कशी सुधारली, यावर मी दहा-बारा चित्रांचं एक सादरीकरण करावं. आधी कशी होती, नंतर कशी झाली. सिस्टरांनी मदत म्हणून मुद्दे लिहून दिले. चौथा मुद्दा असा होता: 'एका नातेवाइकाने स्वतःच्या पत्नीची नोंद करायचे विसरल्याने दुर्दैवी घटना घडली. त्यानंतर आपण आठवण करून देणारा मेसेज सुरू केला.'

मी ते टाइप करायला घेतलं. वाक्य छोटं करायची मला सवय आहे, म्हणून मी लिहिलं, 'वापरणारा विसरला.' मोठ्या अक्षरात, मधोमध. मग मी ते बघत बसले. आता हे दोन गावांतल्या लोकांसमोर भिंतीवर दिसणार होतं, आणि पुढं किती ठिकाणी जाईल ते कुणी सांगावं. मावशी गेल्या त्या दिवसापासून मी गप्प राहिले होते. आता मी गप्पही राहणार नव्हते, मी ते स्वतःच्या हातानं लिहीत होते. मी कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांना जाऊन सगळं सांगितलं. त्या टेबलावरचे केसपेपर सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्यांना चारचौघांत बोलले होते हो." तिथून मी मंद्रूपची एसटी धरली.

उन्हानं डांबर मऊ झालं होतं. गिरणी स्टँडपासून जवळच निघाली. लाइट गेली होती, त्यामुळं पट्टा बंद, आणि मामा बाहेर ओट्यावर बसले होते. दळणाचे डबे नावं घालून ओळीनं ठेवलेले. मला बघून ते उठले आणि खुर्ची पुसायला लागले. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली, कारण बसले असते तर पाणी आलं असतं, पाण्यामागून चहा आला असता, आणि मग मला काही बोलवलं नसतं.

मी सांगितलं. तुम्ही दाबलं होतं. दोनदा दाबलं होतं, दुपारी, दोन मिनिटांच्या अंतरानं. दोन्ही वेळा ते आज्जींच्याच नावावर गेलं, कारण मावशींचं नाव तुमच्या फोनवर राहिलंच नव्हतं. ते माझ्या हातून पुसलं गेलं. मावशींनी मला आधी सांगितलं होतं आणि मी ते नंतर बघू म्हटलं. तुम्ही विचारायला आला होता तेव्हाही मला माहीत होतं. मी खोटं बोलले.

मला वाटलं होतं ते ओरडतील. मी घरून निघताना त्याची तयारी करून आले होते, कदाचित मला तेच हवं होतं. ते ओट्यावर पुन्हा बसले. हाताचे पंजे उलटसुलट करून बघितले.

"दोनदा," ते म्हणाले. "व्हय. आदी हिचं, मग आज्जीचं. मला आटवतंय आता. हिनंच सांगितलं, आदी माझं दाबा म्हणून."

मी ओळीनं ठेवलेल्या डब्यांवरची नावं वाचत राहिले.

"तुमाला काय म्हनू आता," ते म्हणाले. "म्हनून काय हुनार हाय." मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, तोच मोबाइल. "एक काम करा. हे जसं मला सांगितलं तसं माझ्या लेकीला सांगा. कुर्डुवाडीला दिलीया. जावई रेल्वेत हाय. आईचे दिवस झाले तवा सगळ्या भावकीसमोर बोलून गेली, अप्पानं माझी आई मारली, एक बटन दाबता आलं न्हाय. तवापासनं बोलत न्हाय माझ्याशी. माझा फोन उचलत न्हाय ती. तुमच्या फोनवरनं लावा."

हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचा मी प्रयत्नही केला नव्हता. त्यांनी नंबर वाचून दाखवला, मी लावला. पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता आणि एक लहान मूल काहीतरी मागत होतं.

मी कोण ते सांगितलं. साइट मी केली, असं म्हणाले. यादी, नंबर, नाव कसं पुसलं गेलं ते सांगायला लागले, तर तिनं मला मधेच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. अप्पानी दाबलं हुतं का न्हाय, तेवढं सांगा."

"दाबलं होतं. दोनदा. चूक माझी होती, त्यांची नव्हती."

भांड्यांचा आवाज थांबला. मूल अजून मागतच होतं, तिनं त्याला उत्तर दिलं नाही.

"आई जाऊन चार महिनं झालं," ती म्हणाली. "तुमाला कदी कळलं हे?"

मामा माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "आई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मग ती हळू बोलली, बाजूच्या खोलीत कुणीतरी झोपलेलं असावं तशी.

"संक्रांतीला अप्पा हितं आले हुते. तिळाच्या पोळ्या घिऊन. मी दार उघडलं न्हाय. दुपारभर पायरीवर बसले हुते, मी खिडकीतनं बघत हुते. पानीसुदा दिलं न्हाय मी त्यास्नी."

मी तिचं नाव विचारलं नव्हतं, त्यामुळं तिला हाकही मारता येत नव्हती.

"अप्पांना द्या," ती म्हणाली.

मी फोन मामांना दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं मला खुर्चीकडं खूण केली, बसा म्हणून. मी उन्हात उभीच राहिले.